चौथं चाक

१९८३ साली, रमजान लागायच्या आधीच्या आठवड्यात, जिब्ला या डोंगरी गावाच्या उतरत्या गल्लीत मुकबिल आपल्या जुन्या व्हॅनखाली उताणा पडला होता. वर ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून त्याचा धाकटा भाऊ नाजी बसला होता. दोघे आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणून मुकबिलची बायको मुहसिना चाकापाशी बसली होती. खालचा शब्द वर पोचवायचा, एवढंच तिचं काम.

"सांग त्याला, दाब म्हणावं."

"दाबा, भावोजी."

"दाबलंय," नाजी म्हणाला. "त्याला विचार, पाना कुठल्या बाजूला फिरवतात ते तरी ठाऊक आहे का?"

"त्याला सांग, ब्रेकमध्ये तिळाचं तेल ओतणाऱ्याने तोंड उघडू नये."

भांडण तिथूनच सुरू झालं होतं. सुमाऱ्याच्या घाटात ब्रेकचं तेल संपलं तेव्हा नाजीने जेवणाच्या डब्याशेजारची तिळाच्या तेलाची बाटली त्यात रिकामी केली. आतली रबरं फुगली. दुसऱ्या दिवशी मुकबिल उतारावरून जाता जाता दरीत जायचा वाचला. त्या दुपारी, तरतरीसाठी चघळायची हिरवी पानं गालात धरून बसलेल्या माणसांसमोर त्याने शपथ घेतली, "यापुढे नाजीशी एक शब्द बोललो, तर माझ्या बायकोला तलाक."

अशी शपथ आमच्याकडे पुरुषांच्या जिभेवरच असते. मुकबिलच्या जरा जास्तच होती. एकदा एक पाहुणा जेवायला थांबेना, तेव्हा "न जेवता गेलास तर बायकोला तलाक" म्हणाला. पाहुणा न जेवता गेला. दुसऱ्यांदा एक शेळी विकणार नाही म्हणून शपथ घेतली आणि मग विकली. दोन्ही वेळा मुहसिना माहेरी उदैनला पोचली. दोन्ही वेळा मुकबिलने धर्माचे कायदे सांगणाऱ्या फकीहला विचारलं आणि याच व्हॅनमधून तिला परत आणलं. दोनदा आणता येतं. तिसऱ्यांदा नाही.

म्हणून पायरीवर कॉफीची टरफलं निवडत बसलेली मुहसिनाची सासू दर थोड्या वेळाने ओरडत होती, "मुकबिल, तोंड सांभाळ! आणि तू गं, त्या चिंध्यांवर काय बसलीस राणीसारखी?"

"दगड गार लागतात, अम्मा."

"गार लागतात म्हणे. जीभ मात्र जागेवर ठेव. घर तुझ्या जिभेवर आहे आज."

रबरं त्यांनी स्वतःच बदलली होती, म्हणजे एकाने काढायची आणि दुसऱ्याने आधीच्याला मनातल्या मनात शिव्या घालत बसवायची. आता नळीतली हवा तेवढी काढायची होती. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने चाकामागचा स्क्रू सैल करायचा, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येऊ द्यायचं आणि स्क्रू आवळायचा. मग वरच्याने पाय उचलायचा. स्क्रू उघडा असताना पाय उचलला, तर हवा परत आत, सगळी मेहनत पाण्यात. तीन चाकं झाली होती. बाटलीत बोटभर तेल उरलं होतं, नवं आणायला तइझला जावं लागलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नवरीकडची माणसं घेऊन घाट चढायचा होता.

चौथं चाक.

"सांग त्याला, दाब आणि धर."

"दाबा, आणि धरून ठेवा."

मुकबिलने स्क्रू सैल केला. तेल फसफसत नळीतून येऊ लागलं.

"वहिनी, पाय भरून आला. सोडू?"

मुहसिना बोलली नाही.

"सांग की, थांब म्हणून!" खालून मुकबिल फुसफुसला. त्याने पाना पत्र्यावर आपटला. मुहसिनाने वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवून गल्लीच्या वरच्या टोकाकडे बघत राहिली.

"काय गं, झोपलीस? सोडतो मी," नाजी म्हणाला.

"नाजी, सोडू नकोस!"

शेजारच्या खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूच्या हातातलं सूप कलंडलं आणि टरफलं पायऱ्यांवरून घरंगळत गेली. पाय तसाच दाबून धरत नाजीने डोकं बाहेर काढलं.

"मला म्हणालास?"

मुकबिलने आधी स्क्रू आवळला. मग म्हणाला, "मी... स्वतःशीच म्हणालो."

"नाव घेऊन बोललास रे, मेल्या," सासू म्हणाली.

"अम्मा," मुहसिना म्हणाली, "तिसरा झाला."

फकीहने संध्याकाळी तेच सांगितलं. व्हॅनचे ब्रेक उत्तम लागत होते, पण ती घेऊन उदैनला जायचा हक्क मुकबिलला उरला नव्हता. त्याने पुढे आणखी दोन लग्नं केली आणि शपथ मात्र कधी घेतली नाही, पाहुणा उपाशी गेला तरी. भावाशी न बोलायचं आता काही कारणच राहिलं नाही. दोघे रोज तोंड भरून भांडले, व्हॅन इब्बच्या भंगारात जाईपर्यंत आणि त्यानंतरही. नाजी गेला तेव्हा मुकबिल गल्लीत बसून लहान मुलासारखा रडला. मुहसिनाने उदैनच्या एका मधमाश्या पाळणाऱ्याशी लग्न केलं. तो अबोल होता. तिला पाच नातवंडं आहेत. सासू मरेपर्यंत सांगायची, पोर बिचारी घाबरली, ऐन वेळी जीभ टाळ्याला चिकटली, आणि नेसत्या कपड्यांनिशी गेली हो.

नेसत्या कपड्यांनिशी ती गेली नव्हती. "तिसरा झाला" म्हणून ती उठली, सकाळपासून ज्यावर बसली होती ते कपड्यांचं गाठोडं तिने उचललं, डोक्यावर घेतलं आणि गल्ली चढू लागली.