गडद नमुना

नंदाबाईच्या लेकीचं, दामिनीचं लग्न झालं त्या साली, खोकताना लघवी सुटणाऱ्या बायांच्या लघवीत त्या रोगाची खूण सांगणारं प्रथिन शोधायला शहरातलं पथक नवेगावला आलं. निवडलेल्यांना मोठे डॉक्टर तपासणार होते, म्हणून नंदाबाईनं जावेला, सुशिलाबाईला, धानाच्या रोवणीतून ओढत नेलं. पथकातल्या मॅडमनं सुशिलाबाईच्या लघवीची बाटली उजेडात धरली. "फार गडद आहे, आजी. अभ्यासात चालणार नाही. पाणी पीत जा." सुशिलाबाई मान खाली घालून उठली. नंदाबाई हलली नाही. "ही पाणी काऊन पेत नाही, ते इचारलं का, बाई? धानाच्या बांधीत, उघड्या वावरात, आडोसा नाही. साऱ्यांसमोर लुगडं भिजते, म्हणून सकाळपासून घोट घेत नाही. हाच त रोग आहे तिचा, अन् त्याच्यासाठीच तिले काढून राहिली?" "नियम आहे," म्हणत मॅडमनं नाव खोडलं. सुशिलाबाईचं तहान मारून राबणं तसंच चालू राहिलं; मूत्रपिंडं निकामी होऊन ती पुढच्या माघात वारली.