सव्वीस धूर

तांबडं फुटायच्या आत भिमाजीनं बाविसावी चूल पेटवली. दारांना लावलेली बाभळीची काटी ओढून ओढून त्याच्या हातांवर ओरखडे उठले होते. हे घर आसारामचं. आसाराम बायकापोरांसकट बेलापूरकडे ऊसतोडीला गेलेला. आत उंदरांशिवाय कोणी नव्हतं. भिमाजीनं गोवऱ्या रचल्या आणि वर लिंबाचा ओला पाला टाकला. धूर दाट व्हायला हवा होता.

"आबा, माझ्या बाळंतपणाच्या गोवऱ्या हायेत त्या," लंका दारातून म्हणाली. लेकीला आठवा लागला होता. "मला शेकायला काय ठिवता?"

"रस्ता झाला तर दवाखान्यात जाशील. ह्या खेपंला न्हाई तर पुढच्या. सर बाजूला, धूर लागंल."

काल तिसगावच्या बाजारात चांदभाई मणेरानं त्याला बातमी दिली होती. लढाई संपली, सरकार आता नवे रस्ते आखतंय. पुण्याच्या कॉलेजात भूगोल शिकवणारे एक मास्तर त्यासाठी गावोगाव फिरताहेत, उद्या वाडीला येणार. पहाटे टेकडीवर उभं राहून धूर मोजतात. जितक्या चुली, तितकं मोठं टिंब नकाशावर. "बारीक टिंब सरकारला चष्मा लावून बी दिसत न्हाई, भिमाजी," चांदभाई म्हणाला होता.

ऊन वर आलं तसे मास्तर टेकडी उतरून वाडीत आले. डोक्यावर हॅट, अर्धी विजार, मोज्यांना कुसळं चिकटलेली.

"सव्वीस धूर," ते म्हणाले. "ऐन पौषात इतकं भरलेलं गाव या भागात पहिल्यांदाच बघतोय."

"व्हय, सायेब. मग रस्ता?"

"तुम्हाला कशाला रस्ता? माझा अभ्यास ओस पडणाऱ्या गावांचा आहे. रस्त्यांच्या कमिटीला मी त्यांचीच नावं देणार. तुमची माणसं तर इथंच टिकून आहेत." त्यांनी वही मिटली.

भिमाजीनं मास्तरांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच आसारामच्या घरात नेलं. चुलीवर भांडं नव्हतं. शेजारच्या घरातही नव्हतं. तिसऱ्या घरात मास्तरांनी हात सोडवून घेतला.

"गावात आज घरं किती उघडी आहेत?"

"चार. बाकी समदी उसाला गेली. मीच पेटवल्या चुली, सायेब. चुकलो. पाया पडतो, खोडा ते."

"हे तुमच्या डोक्यात घातलं कुणी?"

"चांदभाईनं. बांगड्या इकतो."

"बांगड्या विकायला तो आणखी कुठं कुठं जातो?"

"समद्या बाजारांना जातो की."

मास्तर उंबऱ्यावर बसले. वहीची पानं मागं मागं उलटू लागले. एकतीस गावं, दोन हिवाळे. प्रत्येक आकड्यावर त्यांचं बोट थांबत होतं.

"आता यातला कुठला धूर खरा धरू?"

"ते मला काय कळतंय? आमच्या वाडीचं तेवढं खरं लिवा."

"मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो. आणि मी धूर पाहिला."

भिमाजीचे हात काळे झाले होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. लंका तांब्या घेऊन आली. कमरेवर हात ठेवून, जपून वाकून तिनं तो मास्तरांपुढं ठेवला. मास्तर पाणी प्यायले. तिच्याकडे बघून त्यांनी वही परत उघडली.

"चुलींचा रकाना कोरा ठेवतो," ते म्हणाले. "एक रकाना राहिलाय." त्यांनी पेन्सिल टेकवली. "इथून बैलगाडीनं दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो?"

भिमाजीनं लेकीकडे पाहिलं. मग खाली, लांबवरच्या ओढ्याकडे.

"ओढ्यापातुर तांबडं फुटल्यापासून न्ह्यारीच्या वक्तापर्यंत," तो म्हणाला. "तिथून म्होरलं म्हाईत न्हाई, सायेब. हिच्या आईला घिऊन निघालो हुतो. ओढ्यातनंच बैल माघारी वळवलं."