डोळे आले

पलूसच्या बेदाणा शेडमध्ये भामाबाई सकाळी जावयाचा काळा गॉगल लावून आली आणि कुणाशी न बोलता आपल्या जागेवर बसली. समोर बेदाण्याचा ढीग. त्यातल्या काड्या आणि खराब मणी वेचून बाजूला काढायचे. पण आज तिला काडी कुठली नि मणी कुठला, काही उमगत नव्हतं.

"मावशी, शूटिंगला निघालाय काय?" शेजारची राणी हसली.

"उन्हाचा तरास हुतोय गं."

शेडमध्ये उन्हाची तिरीपही नव्हती.

ढिगांवरून नजर टाकत मालकीण संयोगिता तिच्यापाशी येऊन थांबली. "गॉगल काढा बघू, मावशी."

भामाबाईनं काढला. डोळे लालबुंद, पापण्या टरारून सुजलेल्या. राणी झटकन लांब सरकली.

"कालपासनं आल्यात," भामाबाई मान खाली घालून म्हणाली. "पर हात चालत्यात की माझं. घरी बसलं तर हजेरी बुडती, ताई. आन् माझी जागा दुसरीला दिलीसा तर?"

संयोगितानं तिच्यापुढचा ढीग बाजूला घ्यायला सांगितला.

"तुमी संक्रांतीनंतर आलासा, तुमाला म्हाईत न्हाई. गेल्या साली एक बाई अशीच डोळे लपवून आली. आठवड्यात अकराजणींना लागण झाली. शेड बंद, माल पडून. ते मला लय महाग पडलं. तवापासनं आजारी माणसानं इथं यायचं न्हाई. पाच दिवस घरी ऱ्हावा. हजेरी लागंल."

"न येता?"

"न येता."

"आन् जागा?"

"तुमचीच हाय."

पगारी सुट्टी मास्तरांना असते, फौजेतल्यांना असते, एवढंच भामाबाईला ठाऊक होतं. ती उठली, दारापर्यंत गेली, मागं वळून पाहिलं. कुणी हाक मारली नाही. मग मात्र ती भराभरा चालू लागली.

वाटेत दवाखान्यातून थेंब घेतले. घरी येऊन डोळ्यांत घातले आणि सोप्यात चटई टाकून आडवी झाली. भर दुपारी आपल्या सोप्यात एवढा छान वारा येतो, हे तिला माहीतच नव्हतं.

शेजारची हरणाबाई उंबऱ्याशी आली. "का गं, कामावरनं काढलं व्हय तुला?"

"तितंच थांब, डोळं आल्यात माझं," भामाबाई डोळे न उघडताच म्हणाली. "काढतंय कोण? रजेवर हाय मी."