थंडीचं कापड

"थांब जमुना, टोपलं उतरव. ती अडलेली कविता पुन्हा लिहून पाहिली, ऐक," उत्तमराव मास्तर वही उघडत म्हणाले.

चीनच्या जुन्या कवितांचं एक इंग्रजी पुस्तक त्यांना मुंबईहून मिळालं होतं. तीन वर्षं ते त्याचं मराठी करत होते. कापसाच्या भावानं वेड्या झालेल्या अमरावतीत ते ऐकायला भाजीवाल्या जमुनेशिवाय कोणाला सवड नव्हती. शेषराव दलाल तर उघड म्हणायचा, "मास्तर सारं मनानंच रचून राहिले."

मास्तर वाचू लागले. नवरा दूर सरहद्दीवर लढायला गेलेला. बायको नदीकाठी दगडावर कापड बडवते आहे, धुणं धुते आहे...

"धुणं नाही थे," वांगी निवडता निवडता जमुना म्हणाली. "नवं कापड बडवून नरम करून राहिली. नवऱ्याले थंडीचा अंगरखा धाडाचा असन तिले."

मास्तर थबकले. दोन महिने अडलेली कविता एका क्षणात सुटली होती.

"तुले कसं समजलं?"

"बाईमाणसाले समजते," ती म्हणाली आणि टोपलं उचलून निघाली.

त्याच आठवड्यात मुंबईच्या व्यापाऱ्याबरोबर एक चिनी शेटजी कापूस पाहायला आले. मास्तरांना जेवण सुचेना. मूळ चिनीतला एक शब्दही त्यांनी आजवर ऐकला नव्हता! धावत जाऊन त्यांनी शेटजींना शाळेत यायचं आमंत्रण दिलं.

शाळेचा ओटा माणसांनी गच्च भरला.

"आता पाहू, खरं काय अन् खोटं काय," शेषराव पुढं बसून म्हणाला.

मास्तरांनी ती कविता इंग्रजीतून सांगितली. शेटजींचा चेहरा उजळला. डोळे मिटून ते आपल्या भाषेत गाऊ लागले. दोन ओळी झाल्या आणि ते अडले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडले. शेषराव खुदकन हसला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज उठला. तिसरी ओळ. मग चौथी. तीच चाल, तीच भाषा.

शेटजी ताडकन उभे राहिले. त्यांनी भरभर काहीतरी विचारलं. जमुनेनं हसत, तितक्याच भरभर उत्तर दिलं.

"काय... काय म्हणाले ते?" मास्तरांनी कसंबसं विचारलं.

जमुनेनं पदर सावरला.

"पुसून राहिले, आमची भाषा कुठं शिकली म्हून. म्या सांगतलं, हाँगकाँगात सायबाची लेकरं सांभाळाले होती."