हरभऱ्यातला भोंगा

"आधी तो भोंगा बंद कर, मग राम राम घाल," असं म्हणत जळबानं रामकिशनच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठी आपटली.

रामकिशननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हरभऱ्याच्या मधोमध बांबूवर बांधलेल्या भोंग्यातून दर दोन मिनिटांनी एक बाई खच्चून ओरडत होती, "ए, निघ भाईर! लाज हाय का? पुन्हा आलास तर तंगडं मोडीन!"

दिवसा वानरं, रात्री रानडुकरं. साखरा गावच्या शिवारात घाटे भरायला लागले की असे भोंगे जागोजागी लागतात. बटण दाबून माणसाचा आवाज भरायचा आणि सोलरवर सोडून द्यायचा. वानरांना वाटतं, शेतात माणूस आहे. जळबाला वाटे, रामकिशनची बायको अनुसयाबाई आपल्यालाच शिव्या देते आहे. त्याचं घर धुऱ्याला लागून होतं आणि भोंग्याचं तोंड नेमकं त्याच्या दाराकडं होतं.

"तुझी बायको दिसभर माझी लाज काढून राहिली."

"भोंगा वानरांसाठी हाय," रामकिशन म्हणाला. "तुला काहून लागतंय?"

जळबा शेळ्या-मेंढ्या राखायचा. दिवसभर बोलायला कुणी नाही, म्हणून संध्याकाळी जो सापडेल त्याला धरून मतं ऐकवायचा. मिक्सरनं चटणीची चव जाते. टीव्हीनं बायका आळशी होतात. मोबाईलनं पोरी हाताबाहेर जातात. मतं पटोत न पटोत, मान डोलावल्याशिवाय सुटका नसे. दिवाळीत त्यानं सुकन्याचा, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका पोरीचा, मोबाईल दगडावर ठेवून ठेचला होता. त्यावर ती पोलीस भरतीचे व्हिडिओ बघायची, तेवढाच तिचा गुन्हा.

"पोलिसात जाऊन कुनावर वरडणार हाईस?" त्यानं विचारलं होतं.

सुकन्या खाली वाकली. आई नसलेली पोर. तिनं तुकडे गोळा केले आणि दुसऱ्या दिवसापासून मान खाली घालून रामकिशनच्या शेतात खुरपायला जाऊ लागली.

आता रविवारी डोंगरकडा गावाहून तिला बघायला पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं फिरून गेली होती. हे जमलं तर पुढच्याच आठवड्यात सुपारी फोडायची, असं जळबानं ठरवून टाकलं होतं. पाहुणे दारात बसलेत आणि समोरून 'निघ भाईर' चाललंय, हे चित्र डोळ्यापुढं आलं की त्याला घास जात नसे.

शेवटी तो तंटामुक्तीचे अध्यक्ष शिवहार यांना घेऊन आला आणि रामकिशन-अनुसयाबाईला त्यानं आपल्या दारात बोलावलं. सुकन्यानं सगळ्यांना पाणी दिलं आणि ती दाराआड झाली. शिवहारनं तीन वेळा भोंगा ऐकला.

"आवाज जबर हाय. कुनाचा भरला?"

अनुसयाबाईनं पदर तोंडाला लावला. "बाईमानसाचा हाय. वानरं बाप्यापेक्षा बाईला जास्त भेतात."

"बघा, कशी निलाजरी कबुली देऊन राहिली!" जळबा उसळला. "बाईमानसानं येवढं वरडावं का? न्हाईतर माझी सुकन्या बघा. तिचा आवाज शेजाऱ्यालाबी ठाऊक न्हाई."

अनुसयाबाईला ठसका लागला. ती पाणी प्यायला आत गेली.

"एक दिस बंद ठेवला तर वानरं पूर्ण वावर साफ करतील," रामकिशन म्हणाला. "मी बंद करणार न्हाई. कुनाची सोयरीक जमो न्हाईतर मोडो."

"तू मुद्दाम करून राहिला!"

"व्हय, मुद्दाम. इतके दिस माझ्या बायकोला नावं ठेवून राहिलास ना?"

काठ्या उगारल्या गेल्या. शिवहार मध्ये पडला. बराच आरडाओरडा झाल्यावर असं ठरलं की रविवारी भोंगा शिवहारच्या घरी राहील, रामकिशन दिवसभर पत्र्याचा डबा वाजवत वावरात उभा राहील आणि त्या तकलीफीबद्दल जळबा त्याला एक बोकड देईल. जळबानं चरफडत बोकड दिला. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांकडं बघणंही सोडलं.

रविवारी सकाळी शिवहारनं स्वतः भोंगा सोडवून गाडीवर नेला. कितीतरी दिवसांनी जळबाच्या दारात शांतता झाली. पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि आजोबा. बैठक घरात होती. आजोबांना कमी ऐकू येत होतं, पण निर्णय त्यांचाच चालायचा. जळबा त्यांच्याच शेजारी दाराजवळ बसला.

सुकन्या चहा घेऊन आली, सगळ्यांना कप दिले आणि समोर उभी राहिली. मुलाच्या आईनं तिला पाट दाखवला. ती बसली नाही.

"लई गरीब हाय पोरगी," जळबा म्हणाला. "तोंडातून शब्द निघत न्हाई."

"नाव काय, बाई?" आजोबांनी विचारलं.

सुकन्या पुटपुटली.

"ऐकू न्हाई आलं. मोठ्यानं सांग."

तिनं पुन्हा काहीतरी सांगितलं. आजोबांनी कानामागं हात धरला. "अजून मोठ्यानं, बाई. काय सांगायचं ते दणकून सांग."

जळबानं हसून दाराबाहेर धुऱ्याकडं तोंड वळवलं आणि कप तोंडाला लावला.

"ए, निघ भाईर! लाज हाय का? पुन्हा आलास तर तंगडं मोडीन!"

कप जळबाच्या हातातून पडला. दगाबाज! त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. काठी उचलून तो बाहेर धावला. "रामकिशन्या! बोकड खाऊन भोंगा लावतोस?"

रामकिशन हरभऱ्यात डबा हातात धरून उभा होता. शेजारचा बांबू मोकळा होता. तो जळबाकडं नाही, जळबाच्या घराकडं बघत होता.

"भोंगा शिवहारकडं हाय," तो म्हणाला.

"मंग वरडलं कोन?"

रामकिशननं हनुवटीनं घराकडं खुणावलं. जळबाच्या पाठीमागं, घरातून, तोच आवाज पुन्हा उठला, "लाज हाय का?" आणि त्यामागोमाग आजोबांचा समाधानी आवाज आला.

"हां, बाई. आता आलं ऐकू."