एकशे बाराव्या सभेची चिठ्ठी

"ते पान पुन्हा वाचा," तात्या म्हणाले.

टायपिस्टने वाचलं. "समलिंगी माणूस घरात ठेवणं म्हणजे पिण्याच्या पाण्यात विष कालवणं. इथं बसलेल्यांपैकीच एकाच्या घरात हे चाललंय. आईबापांनो, मन घट्ट करा आणि त्याला दार दाखवा."

"असं म्हणालो मी?"

"टेपवर आहे. पुढं दोन मिनिटं नुसत्या टाळ्या आहेत."

"टाळ्या गाळा," तात्या म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

चार महिने ती सभागृहामागच्या या खोलीत बसून तात्यांची जुनी प्रवचनं टेपवरून कागदावर उतरवत होती. त्यांचं पुस्तक निघायचं होतं. अर्धं गाव तात्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं; उरलेलं अर्धं त्यांना भोंगा म्हणायचं आणि फाटकाशी निषेधाचे फलक घेऊन उभं राहायचं. दोन्हीला कारण हे एकच पान.

राक्षस भेटेल या तयारीने ती आली होती. भेटला तो आपली कपबशी आपणच विसळणारा, "जेवलीस का?" असं रोज विचारणारा म्हातारा. मनातल्या मनात घोकून आणलेल्या शिव्या तशाच राहिल्या. राग नेमका कुणाचा करायचा, हेच तिला कळेनासं झालं होतं.

राग होता, यात शंका नाही. वीस वर्षांपूर्वी आई याच सभेहून घरी आली, तिने दादाला समोर बसवलं आणि दोन प्रश्न विचारले. दादाला खोटं बोलता यायचं नाही. संध्याकाळच्या आत तो बॅग घेऊन गेला. ती तेव्हा आठ वर्षांची होती. सभेच्या वेळी मुलांना अंगणात सोडत, त्यामुळे आत काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. दादा गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचा मित्रही येईनासा झाला, एवढंच कळलं. आता ते दोघं दुसऱ्या गावात वेताच्या खुर्च्या विणायचे.

आणि आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी महिन्याच्या आतलीच गोष्ट सांगितली होती. दादाचं जेवणखाण, तब्येत सगळं आई विचारी, पण "बोलवू का त्याला?" म्हटलं की भिंतीकडे तोंड करी. "तात्या हो म्हणू देत," एवढंच.

आज तिने धीर केला.

"तात्या, या पानामुळे माझा भाऊ वीस वर्षं घराबाहेर आहे. आई जायला टेकली आहे. तुम्ही एक ओळ लिहून द्या. मुलाला घरात घे, एवढीच."

तात्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "त्या दिवसाआधी मी या विषयावर कधी तोंड उघडलं नव्हतं. खरं सांगू? विचारही केला नव्हता. पेटीतून चिठ्ठी निघाली, समोर माइक होता, तोंडाला आलं ते बोललो. टाळ्या थांबेनात. पुढच्या सभेला दुप्पट माणसं. मग लोक तेच मागायला लागले. आता मला पटतं म्हणून मी बोलतो, की बोलत आलो म्हणून पटतं, माझं मलाच कळत नाही बघ."

तिलाही कळेना. हसावं, रडावं, की टेपरेकॉर्डर उचलून आपटावा?

सभागृहाच्या दारात ती पेटी अजून होती. येणाराजाणारा बिननावाची चिठ्ठी टाकी. तात्या सभेत एक उचलत, मनातल्या मनात वाचत आणि त्यावरच बोलत. मुलंही काहीबाही लिहून टाकत. लहानपणी तिनेही पाचसहा टाकल्या होत्या. उत्तर एकीचंही आलं नाही म्हणून रुसूनही बसली होती.

"मग मागे घ्या ते बोलणं," ती म्हणाली.

"तसं घेता येत नाही गं. उत्तर ज्याने विचारलं त्याचं असतं. चाळीस वर्षं हा नेम पाळलाय. त्याने समोर येऊन सांगावं, तात्या, उत्तर चुकलं. भर सभेत कान पकडीन मी. तुझ्या आईलाही घरी येऊन सांगेन. पण त्यानेच सांगायला हवं."

"बिननावाचा माणूस मी कुठं शोधू?"

तात्यांनी खिशातून किल्ली काढली. "चिठ्ठ्या त्या कपाटात आहेत, सभेच्या नंबराने. ही एकशे बारावी सभा. बघ काही माग लागतो का."

कपाटापर्यंतच्या दहा पावलांत तिने सगळं ठरवलं. असणार कुणी नाक खुपसणारी शेजारीण, नाहीतर दादावर डूख धरलेला कुणी. गाव पालथं घालायचं, त्याला शोधायचं, आधी दोन थोबाडीत द्यायच्या आणि मग पाय धरून इथं आणायचं. वीस वर्षांत पहिल्यांदाच रागाला पत्ता मिळणार होता.

पाकिटात वहीचं दुरेघी पान होतं, चार घड्यांचं. तिने ते खिडकीशी नेऊन उलगडलं.

'तात्या, माझ्या दादाचं त्याच्या मित्रावर प्रेम आहे. मोठेपणी ते एकाच घरात राहणार आहेत आणि मला त्यात खोली देणार आहेत. हे गुपित आहे. मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त तुम्हाला सांगते. तुम्ही आईला छान समजावून सांगाल का? ती तुमचं सगळं ऐकते.'

तिने ते पान होतं तसं चार घड्यांत मिटलं.

"लागला का माग?" तात्यांनी विचारलं.

"चिठ्ठी माझी आहे, तात्या," ती म्हणाली. "उत्तर चुकलं."