तीन हिसके

बायकोचा भाऊ म्हणून त्याला नावेत घेतला, हीच माझी चूक. काम एवढंच: दोराचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या कमरेला. तीन हिसके दिले की ‘ताबडतोब इकडे या’.

मी श्वास रोखून खाली जावं, माशावर भाल्याचा नेम धरावा, की कमरेला तीन हिसके! धडपडत वर यावं, तर हा मख्ख बसलेला.

“दाजी, आईशप्पथ, मी ओढलाच नाही.”

“मग काय त्या सीलनं ओढला?” सकाळपासून एक सील आमच्याभोवती घिरट्या घालत होता.

चौथ्यांदा तेच झालं आणि माझं डोकंच फिरलं. कमरेचा दोर सोडून त्याच्या अंगावर भिरकावला.

“घे! ओढ आता किती ओढायचाय तो!”

आणि तसाच बुडी मारून खाली गेलो.

अर्ध्या वाटेत सील समोर येऊन थबकला. त्यानं माझ्या कमरेकडे पाहिलं. मग ताणलेल्या दोरावरून फिरावी तशी त्याची नजर हळूहळू खाली सरकत गेली, पार तळाच्या काळोखापर्यंत.

कमरेला तीन हिसके बसले. खालून.